प्लग बदलल्यापासून यंत्राच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, आरसीसीबी पडतो: वायरच्या रंगांचा घोळ कसा शोधायचा

हा दोष दुरुस्तीच्या टेबलावर इतक्या वेळा आलाय की यंत्र समोर ठेवल्या ठेवल्या माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्लग कोणी बदलला? समोरचा म्हणतो, प्लगचं काही नाही हो, तो नीट आहे, मोटरमध्येच काहीतरी झालंय. प्लग उघडला की आत तीन वायर अगदी नीटनेटक्या बसवलेल्या दिसतात, स्क्रू घट्ट, तारा पिळून आत घातलेल्या. फक्त रंग लावणाऱ्याच्या सवयीप्रमाणे लावलेले असतात आणि यंत्र दुसऱ्याच देशातून आलेलं असतं.

खालचं सगळं एकफेज घरगुती यंत्रांपुरतं आहे. थ्रीफेजचा विषय आला की कुठे थांबायचं ते शेवटी लिहिलंय.

आधी लक्षणं जुळतात का बघा

- यंत्राच्या धातूच्या भागाला हात निसटता लागला की झिणझिण्या येतात. पायात चप्पल असली की कमी, ओल्या फरशीवर जास्त.
- यंत्राचं बटण दाबताक्षणी आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारं बोर्डातलं सुरक्षा बटण) पडतो. बटण बंद ठेवून प्लग नुसता लावला तर पडत नाही.
- बटण बंद असतानाही आतल्या भागावर टेस्टर पेटतो, किंवा एलईडी दिवा रात्रभर मिणमिणत राहतो.
- यंत्र एका सॉकेटवर बिनतक्रार चालतं, दुसऱ्यावर लावलं की आरसीसीबी पाडतं.
- यंत्र अजिबात चालत नाही, पण बॉडीवर टेस्टर लखलखीत पेटतो.

शेवटचं लक्षण असेल तर यंत्राला हात लावायच्या आधी सॉकेटचं बटण बंद करा, मग प्लग काढा, आणि मगच पुढे वाचा. ते मोटर जळल्याचं लक्षण नाही. पूर्ण फेज, म्हणजे जिवंत वायरची वीज, बॉडीवर आल्याचं आहे.

प्लग किंवा पिना तापत असतील, प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर तो दोष वेगळा: ढिला स्क्रू किंवा सॉकेटमधली सैल पकड. त्यासाठी रंग तपासत बसू नका. स्क्रू आवळा, आणि करपलेला प्लग किंवा सॉकेट बदलूनच टाका.

घोळ होतो कुठे

आज जगात रंगांच्या दोन मोठ्या पद्धती आहेत, आणि शिवाय जुन्या वायरिंगमध्ये राहून गेलेल्या बऱ्याच. आयईसी ६०४४५ हे आंतरराष्ट्रीय मानक धरून चालणाऱ्या देशांत यंत्राच्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळा न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आणि हिरवा-पिवळा पट्टेरी अर्थिंग (गळालेली वीज जमिनीत नेणारी वायर) असतं. अमेरिकेत नियम उलट्या बाजूने लिहिलाय. तिथे पांढरा किंवा राखाडी न्यूट्रलसाठी राखीव, हिरवा, हिरवा-पिवळा किंवा उघडी तांब्याची तार अर्थिंगसाठी राखीव, आणि बाकी कुठलाही रंग फेजचा असू शकतो. प्रत्यक्षात बहुतेक काळा, त्याच्या जोडीला लाल. जपानमध्येही काळा फेज आणि पांढरा न्यूट्रल.

आता काळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? भारतात किंवा जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या वायरिंगवर ज्याचा हात बसलाय त्याच्यासाठी काळा म्हणजे न्यूट्रल, त्यात शंका नाही. बॅटरी आणि सर्किट बोर्डवर शिकलेल्यासाठी काळा म्हणजे उणे, म्हणजे निरुपद्रवी बाजू. अमेरिकी यंत्राच्या कॉर्डमध्ये तोच काळा जिवंत असतो. बाजूचा पांढरा तर आपल्याकडे कशाचाच नाही, म्हणून मग तो फेजला जातो.

काळ बदलला तसेही रंग बदललेत. ब्रिटनमध्ये यंत्रांच्या कॉर्डचे रंग १९७० च्या सुमाराला बदलले, पण भिंतीतल्या वायरिंगचे नवे रंग २००४ मध्ये आले आणि एप्रिल २००६ पासून सक्तीचे झाले. मधली तीसेक वर्षं एकाच घरात भिंतीत लाल-काळा आणि यंत्राला तपकिरी-निळा असा संसार चालला. थ्रीफेजमध्ये तर काळ्याने आणि निळ्याने वेगळाच खेळ केला: जुन्या पद्धतीत निळा हा तिसरा फेज आणि काळा न्यूट्रल, नव्या पद्धतीत निळा न्यूट्रल आणि काळा दुसरा फेज. राखाडी युरोपात तिसरा फेज आहे, अमेरिकेत न्यूट्रल.

माझ्यापुढे आलेला सगळ्यात वाईट नमुना होता एक जुनं जर्मन ड्रिल, धातूच्या बॉडीचं. "चालत नाही, कार्बन ब्रश संपले असतील," एवढंच सांगून आणून दिलेलं. कॉर्ड मूळची, रबराची, तीन रंगांची: लाल, राखाडी, काळा. प्लग मात्र नवा कोरा. लावणाऱ्याने सरळ विचार केला होता: लाल फेजला, काळा न्यूट्रलला, उरला राखाडी, तो अर्थिंगला. तुम्हीही तेच केलं असतं. पण जर्मनीत १९६५ च्या आधी लाल रंग अर्थिंगचा होता, फेज काळा आणि न्यूट्रल राखाडी. म्हणजे त्या ड्रिलच्या बॉडीला थेट फेज जोडलेला, आणि मोटर न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये लटकलेली, म्हणून ती फिरत नव्हती. ब्रश उत्तम होते. ते ड्रिल हातात धरून ट्रिगर दाबदाबून बघितलं गेलं होतं, लाकडी फळीवर उभं राहून. ती फळी नसती तर काय झालं असतं ते सांगायला नको.

अर्थाचा अनर्थ म्हणतात तो असा.

तीन वायर, सहा जोडण्या

प्लगच्या तीन टर्मिनलवर तीन वायर सहा तऱ्हांनी बसतात. एक बरोबर, पाच चूक. या पाचही एकदा नीट समजून घेतल्या की लक्षणावरून चूक ओळखता येते. मी तरी आधी कागदावर हेच काढतो.

फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली तर यंत्र चालतं, आरसीसीबी पडत नाही, झिणझिण्या येत नाहीत, काहीच कळत नाही. फक्त यंत्रातलं एकेरी बटण आणि फ्यूज आता न्यूट्रलच्या वाटेवर असतात. बटण बंद केलं तरी आतपर्यंत फेज हजर. स्क्रूच्या होल्डरमधला दिवा असेल तर फेज मधल्या टोकाला जाण्याऐवजी बाहेरच्या धातूच्या आट्यांवर येतो, म्हणजे दिवा बदलताना बोट लागतं नेमकं तिथे.

न्यूट्रल आणि अर्थिंगची अदलाबदल झाली तर यंत्र चालतं, पण परतीचा प्रवाह अर्थिंगमधून जातो. आरसीसीबी असेल तर बटण दाबताच पडतो, कारण तो फेज आणि न्यूट्रलमधल्या प्रवाहाची तुलना करतो आणि इथे न्यूट्रलमधून काहीच परत येत नाही. आरसीसीबी नसेल तर वर्षानुवर्षं चालतं. बॉडी तेवढी न्यूट्रलला बांधलेली राहते, आणि ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी त्या सर्किटवरच्या दुसऱ्या चालू यंत्रातून फेज या बॉडीवर येतो.

फेज आणि अर्थिंगची अदलाबदल: बॉडी जिवंत, यंत्र बंद.

उरल्या दोन. त्यांत तिन्ही वायर एकेक घर सरकलेल्या असतात. एकीत फेज बॉडीवर जातो आणि यंत्र चालत नाही, आमचं ड्रिल तसं. दुसरीत फेज यंत्राच्या न्यूट्रल टर्मिनलवर, अर्थिंग यंत्राच्या फेजवर आणि न्यूट्रल बॉडीवर. यंत्र चालतं, आरसीसीबी असेल तर पडतो.

हिशेब मांडा: पाच चुकीच्या जोडण्यांपैकी तीनमध्ये यंत्र झकास चालतं. "चालतंय ना, मग बरोबरच आहे" हा युक्तिवाद म्हणूनच कामाचा नाही. आणि ज्या दोनमध्ये चालत नाही, त्या दोन्हींत बॉडी जिवंत असते. न चालणारं यंत्र माणूस काय करतो? उचलतो, हलवून बघतो.

तपासण्या, सोप्यापासून अवघडाकडे

*पहिली: रेटिंग प्लेट वाचा. खर्च शून्य.*

यंत्राच्या मागे किंवा खाली चिकटवलेली पट्टी बघा. व्होल्टेज काय लिहिलंय? "१००-२४०" असेल तर कुठेही चालेल. फक्त १२० असेल आणि तुमच्याकडे २३० असेल तर रंगांचा प्रश्न नंतरचा. तापणारं यंत्र १२० ऐवजी २३० वर लावलं तर जवळपास पावणेचार पट वीज ओढतं, आणि फार वेळ ओढत नाही.

मग चौकोनात चौकोन असं चिन्ह शोधा. ते असेल तर यंत्र क्लास २, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनचं. त्याला अर्थिंग नसतं आणि लागतही नाही, दोन वायरची कॉर्ड तिथे बरोबर आहे. चिन्ह नाही, बॉडी धातूची आहे आणि कॉर्ड मात्र दोन वायरची? मग कोणीतरी कॉर्ड बदललीय, किंवा यंत्र मुळातच निकषात बसत नाही. तपासणी इथेच संपली, ते यंत्र वापरात ठेवू नका.

प्लेटवरच्या शिक्क्यांबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. सीई हा बहुतेक घरगुती यंत्रांसाठी उत्पादकाने स्वतः दिलेला शब्द आहे: आम्ही युरोपचे नियम पाळलेत. ५० ते १००० व्होल्ट एसीवर चालणाऱ्या यंत्रांना लो व्होल्टेज डायरेक्टिव्ह लागू होतं, आणि त्यात त्रयस्थ प्रयोगशाळेने तपासलंच पाहिजे अशी अट नाही. यूएल (अमेरिकी) किंवा व्हीडीई (जर्मन) यांचे शिक्के त्रयस्थ संस्थेने तपासून दिलेले असतात. त्यातही एक गोम आहे. उलटा आर आणि यू असा जोडशिक्का दिसला तर तो सुट्या भागाला मिळालेला आहे, पूर्ण यंत्राला नाही. आतल्या पॉवर सप्लायवर तो शिक्का आहे म्हणून अख्खं यंत्र तपासलेलं ठरत नाही. आणि यातला कुठलाही शिक्का यंत्र कारखान्यातून निघालं त्या दिवसाचा असतो, नंतर प्लग कोणी कापला हे त्याला माहीत नसतं.

*दुसरी: सॉकेट बदलून बघा.*

ही तपासणी फक्त आरसीसीबी पडणं आणि दिवा मिणमिणणं यांच्यासाठी. झिणझिण्या येत असतील किंवा बॉडीवर टेस्टर लागत असेल तर ही गाळा, यंत्र पुन्हा लावूच नका.

दोन्ही सॉकेट आरसीसीबीवर असतील आणि दोष सॉकेटबरोबर राहिला तर यंत्र निर्दोष, सहाव्या तपासणीकडे जा. बिनतक्रारीचं सॉकेट आरसीसीबीवर नसेल तर यंत्र निर्दोष धरू नका. यंत्राबरोबर फिरला तर पुढे वाचा. जर्मन धाटणीचा गोल शुको प्लग असेल तर तो दोन्ही बाजूंनी बसतो. म्हणजे तिथे तपकिरी कुठे आणि निळा कुठे हे प्रत्येक वेळी प्लग लावणारा हात ठरवतो. उलटा करून लावल्यावर दिव्याचं मिणमिणणं थांबलं तर कारण सापडलं: एकेरी बटण न्यूट्रलमध्ये पडत होतं.

*तिसरी: कॉर्डवरची छपाई.*

कॉर्डच्या आवरणावर बारीक अक्षरं उमटवलेली असतात. मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला की वाचता येतात. "एच०५व्हीव्ही-एफ ३जी१.५" असं काहीतरी दिसलं तर ती युरोपीय पद्धतीची कॉर्ड: तीन वायर, प्रत्येकी १.५ चौरस मिलिमीटर, आणि मधल्या 'जी'चा मतलब त्यात हिरवी-पिवळी वायर आहे. 'जी'च्या जागी 'एक्स' असेल तर हिरवी-पिवळी नाही. एसजेटी आणि एडब्ल्यूजी ही अक्षरं असतील तर अमेरिकी कॉर्ड, तिथे काळा फेज धरून चला. एडब्ल्यूजीचा आकडा वाढेल तशी वायर बारीक होते, हेही लक्षात असू द्या: १४ जाड, १८ बारीक.

दोन वायरची चपटी अमेरिकी कॉर्ड दोन्ही बाजूंना एकाच रंगाची असते. बोट फिरवा. ज्या बाजूला उभ्या रेघा हाताला लागतात ती न्यूट्रल, गुळगुळीत ती फेज.

अमेरिकेच्या निव्वळ २४० व्होल्टच्या यंत्रांना मात्र हे लागू नाही. त्या कॉर्डमध्ये काळा आणि पांढरा दोन्ही जिवंत असतात, न्यूट्रल नसतोच. पांढरा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

*चौथी: प्लग उघडा.*

प्लग सॉकेटबाहेर, तुमच्या डोळ्यांसमोर टेबलावर. एवढं झाल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर उचलायचा नाही.

टर्मिनलवर कोरलेली अक्षरं वाचा: एल (फेज), एन (न्यूट्रल), आणि अर्थिंगचं चिन्ह, उभ्या रेघेखाली उतरत्या क्रमाने तीन आडव्या रेघा. पिनांच्या जागेवरून अंदाज बांधू नका, कारण तिथेही देश आडवा येतो. ब्रिटिश किंवा भारतीय सॉकेट समोरून बघितलं आणि अर्थिंगचं भोक वर ठेवलं तर फेज उजवीकडे. अमेरिकी तीनपिनी सॉकेटमध्ये अर्थिंग वर ठेवलं तर फेज डावीकडे. ज्याला एक पाठ आहे तो दुसऱ्यात हमखास चुकतो.

आता रंग टर्मिनलशी जुळवा. मग या तीन गोष्टी, ज्यांत मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो:

अर्थिंगची वायर बाकी दोघींपेक्षा लांब आहे का? कॉर्ड ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी सुटायला हवी. तिघी सारख्या लांबीच्या असतील तर प्लग घाईत लावलाय असं समजा, आणि बाकीही बारकाईने बघा.

एखादी केसाएवढी तार टर्मिनलबाहेर राहिलीय का? एकच तार, पण ती शेजारच्या टर्मिनलला टेकली की आरसीसीबी कधी पडतो, कधी नाही. "कधी कधी होतं" अशी तक्रार असेल तर आधी ही तार शोधा. भिंगातून बघा, लाज वाटू देऊ नका.

वायरच्या टोकाला कल्हई केल्यासारखं शिसं लावलंय का? दिसायला छान, पण स्क्रूखाली शिसं हळूहळू दबतं, स्क्रू ढिला होतो आणि मग प्लग तापतो. तो तुकडा कापून टाका. नवीन टोक सोला, किंवा दाबून बसवायची धातूची टोपी वापरा.

कॉर्डची पकडही बघा. बाहेरचं जाड आवरण पकडीखाली दबलेलं हवं. आतल्या रंगीत वायर पकडीत दिसत असतील तर ओढ थेट स्क्रूवर येतेय. पकडीचे दोन छोटे स्क्रू निम्म्या वेळा जागेवर नसतातच. लावणाऱ्याला ते "उरलेले" वाटतात.

*पाचवी: मल्टीमीटर, प्लग काढलेलाच.*

रंग काहीही म्हणोत, कुठली पिन यंत्रात कुठे जाते हे मीटर सांगतो. कंटिन्युइटीवर (वाट जोडलेली असली की बझर वाजतो त्या खुणेवर) ठेवा आणि आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून आकडा बघा. साधारण ०.२ किंवा ०.३ ओहम दिसेल, ते प्रोबचं स्वतःचं.

अर्थिंगची पिन आणि यंत्राची धातूची बॉडी: बझर वाजला पाहिजे आणि आकडा, प्रोबचा वजा करून, एक ओहमच्या बराच खाली हवा. घरगुती यंत्रांचं आयईसी ६०३३५-१ हे मानक कॉर्ड सोडून ०.१ ओहमपर्यंतच परवानगी देतं. साधा मीटर इतकं बारीक मोजत नाही, पण तुटलेलं अर्थिंग नक्की दाखवतो. रंगावर प्रोब टेकवू नका, रंगाखाली वीज जात नाही. एखादा स्क्रू शोधा. प्रोब धरून ठेवून कॉर्ड यंत्रात शिरते तिथे आणि प्लगजवळ वाकवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर आतली वायर तिथेच तुटत आलीय.

मग फेजची पिन आणि बॉडी, त्यानंतर न्यूट्रलची पिन आणि बॉडी. दोन्ही वेळा बझर गप्प राहिला पाहिजे. यंत्राचं बटण चालूवर ठेवून पुन्हा, कारण बटण बंद असताना मागचा भाग तुटलेला असतो आणि दोष लपतो. बझर वाजला तर दोनच शक्यता: यंत्राच्या आतल्या टर्मिनलवर वायर चुकल्यात, किंवा इन्सुलेशन गेलंय. पहिली तुम्ही बघू शकता, दुसरी नाही.

शेवटी कॉर्ड यंत्रात जिथे जोडली आहे ते झाकण उघडून प्रत्येक पिन कुठल्या टर्मिनलवर वाजते ते कागदावर लिहा. मायक्रोवेव्हचं झाकण मात्र उघडायचं नाही, प्लग काढलेला असला तरीही. आतला कपॅसिटर हजारो व्होल्ट धरून बसलेला असू शकतो.

*सहावी: सॉकेट.*

इथे पहिल्यांदाच चालू विजेशी संबंध येतो. याची सवय नसेल तर ही तपासणी दुसऱ्याकडून करून घ्या. कॅट २ किंवा कॅट ३ (मीटरचा सुरक्षा वर्ग) असं लिहिलेला मीटर, एसी व्होल्टवर, बोटं प्रोबच्या कडीमागे.

फेज ते न्यूट्रल पूर्ण व्होल्टेज, फेज ते अर्थिंगही तेवढंच, न्यूट्रल ते अर्थिंग एक-दोन व्होल्ट. हे ठाकठीक. न्यूट्रल ते अर्थिंग पूर्ण आणि फेज ते अर्थिंग जवळजवळ शून्य आलं तर सॉकेटमध्येच फेज-न्यूट्रल उलटे आहेत. फेज-न्यूट्रल पूर्ण, पण अर्थिंगशी घेतलेले दोन्ही आकडे तरंगते, काहीतरी अधलेमधले: अर्थिंगची पिन कुठेच जोडलेली नाही.

झिणझिण्यांच्या तक्रारींत हेच कारण मला सगळ्यात जास्त वेळा सापडतं, आणि यंत्रात खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन यांच्या आत विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो, त्यात फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग जोडलेलं असताना त्यातून जाणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी दोघांच्या मध्ये लोंबकळते, २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर साधारण ११५ वर. प्रवाह अगदी थोडा असतो: ४.७ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला सुमारे एक तृतीयांश मिलीअँपिअर. माणसाला साधारण अर्ध्या मिलीअँपिअरच्या आसपास जाणवायला लागतं, बारीक कातडीच्या जागी त्याआधीही. तेवढ्याने जीव जात नाही. पण ती झिणझिणी सांगतेय की अर्थिंग नाही, आणि उद्या इन्सुलेशन फुटलं की त्याच बॉडीवर पूर्ण फेज येईल. धातूच्या लॅपटॉपला चार्ज करताना होणारी गुदगुली बहुतेक वेळा याच जातीची, फक्त तिथे चार्जर क्लास २ असतो आणि गळतीची मर्यादा ठरवून दिलेली असते.

तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर उपयोगी आहे, त्याच्यावर विसंबू मात्र नका. न्यूट्रल आणि अर्थिंग आपसात बदललेले त्याला कळत नाहीत. आणि कोणी बोर्डच्या आत अर्थिंगची पिन न्यूट्रलला तारेने जोडून ठेवली असेल तर तो खुशाल "बरोबर" दाखवतो. ही युक्ती मी बऱ्याच बोर्डांत पाहिलीय. न्यूट्रल मागे तुटला की त्या बोर्डावरच्या प्रत्येक धातूच्या बॉडीवर फेज येतो.

स्क्रूड्रायव्हरसारख्या निऑन टेस्टरबद्दल एवढंच: तो पेटला तर सावध व्हा, नाही पेटला म्हणून हात घालू नका.

इथे थांबा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा

- पाचव्या तपासणीत फेजची पिन बॉडीशी वाजली आणि टर्मिनलवरच्या जोडण्या बरोबर निघाल्या. पुढची तपासणी ५०० व्होल्टच्या मेगरची (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरची) आहे, आणि आकड्याचा अर्थ लावणं सवयीचं काम आहे.
- सॉकेटमध्ये अर्थिंग नाही, किंवा ते न्यूट्रलला बांधलेलं आहे. दोष बोर्डापासून जमिनीपर्यंत कुठेही असू शकतो.
- सगळे प्लग काढूनही आरसीसीबी पडतो.
- भिंतीतल्या बोर्डात जुने आणि नवे रंग एकत्र दिसतात. निळा न्यूट्रल की तिसरा फेज हे डोळ्यांनी ठरवता येत नाही.
- हिरवी-पिवळी वायर बटणाला जोडलेली दिसते. फेज म्हणून तिचा वापर कुठल्याच पद्धतीत चालत नाही, आणि एका ठिकाणी असं करणाऱ्याने आणखी कुठे काय केलंय ते बघायला मेन बंद करून अख्खं वायरिंग उलगडावं लागतं.
- पाण्याशी संबंध असलेलं यंत्र: गीझर, पंप, वॉशिंग मशीन. प्लगपर्यंत बघा, आत नको.
- थ्रीफेज, कुठलंही.

आरसीसीबी पडतो म्हणून तो बायपास करून यंत्र चालवायचं, हे करणारे भेटतात. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी प्रत्यक्षात १५ ते ३० च्या मध्ये पडतो. तो पडतोय म्हणजे तेवढा प्रवाह न्यूट्रलऐवजी भलत्या वाटेने जातोय, आणि ती वाट कोणाच्या हातातून जाईल हे आपण ठरवत नाही.

दोष प्लगमध्येच निघाला आणि तुम्हीच नीट केला, तर पुन्हा लावण्याआधी पाचवी तपासणी पहिल्यापासून करा. मग आरसीसीबी असलेल्या सॉकेटवर, हात न लावता, दहा मिनिटं चालवा. बंद करून प्लग काढा आणि पिना बोटाने चाचपा, त्या थंड हव्यात. प्लगजवळ कॉर्डवर एक चिठ्ठी गुंडाळून पारदर्शक टेप लावा: "काळा फेज, पांढरा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग, मीटरने तपासलं" आणि खाली तारीख. ड्रिलची कॉर्ड मी अख्खी बदलली, रबर चुरगळायला लागलं होतं. जुनीतल्या लाल वायरचा वीतभर तुकडा टेबलाच्या खणात ठेवलाय. प्लग नीटच आहे म्हणणाऱ्याला तो दाखवतो.